गॅरी गायगॅक्स

अर्नेस्ट गॅरी गायगॅक्स (जन्म : शिकागो, २७ जुलै १९३८; मृत्यू : लेक जिनिव्हा, विस्कॉन्सिन, ४ मार्च २००८) हे अमेरिकन खेळ-रचनाकार व लेखक होते. १९७४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डंजन्स अँड ड्रॅगन्स या खेळाचे ते डेव्ह आर्नेसन यांच्यासह सहनिर्माते होत. टेबलाभोवती बसून कागद, पेन्सिल आणि फाशांच्या साहाय्याने काल्पनिक पात्रांच्या भूमिका घेत खेळायच्या रोल-प्लेइंग खेळांपैकी विक्रीसाठी छापला गेलेला हा पहिला खेळ समजला जातो. त्याच्या निर्मितीचे श्रेय कोणाचे किती, हा वाद गायगॅक्स यांच्या हयातीतच न्यायालयात गेला. स्वतः स्थापन केलेली कंपनीही त्यांना १९८६ मध्ये सोडावी लागली.

बालपण आणि नोकरी

गायगॅक्स यांचे वडील अर्न्स्ट हे स्वित्झर्लंडमधून अमेरिकेत आलेले व्हायोलिनवादक होते. शिकागो सिम्फनी ऑर्केस्ट्रात त्यांनी काही काळ वादन केले. पुढे ते कपड्यांचे विक्रेते म्हणून काम करीत. मुलाच्या नावातील गॅरी हा भाग चित्रपट अभिनेते गॅरी कूपर यांच्यावरून घेतलेला होता आणि पुढे तेच नाव रूढ झाले. १९४६ मध्ये हे कुटुंब शिकागो सोडून आईच्या माहेरगावी, लेक जिनिव्हा येथे राहायला आले. तळ्याकाठचे हे लहानसे गाव गायगॅक्स यांचे आयुष्यभराचे घर ठरले.

वडील रात्री मुलाला जादूगार आणि योद्ध्यांच्या गोष्टी सांगत. पुढे रॉबर्ट ई. हॉवर्ड, फ्रिट्झ लायबर, जॅक व्हॅन्स यांच्या अद्भुतकथांचे वेड त्याला लागले. गावात ओकवुड नावाचे एक बंद पडलेले आरोग्यधाम होते. त्याच्या इमारतीत आणि खालच्या भुयारांत शिरून मित्रांसह भटकणे हा त्याचा आवडता उद्योग होता. भुयारे, कुलूपबंद खोल्या आणि अंधारातील धोके यांनी भरलेल्या त्यांच्या पुढील खेळाचे एक मूळ या भटकंतीत शोधले जाते.

१९५६ मध्ये वडिलांचे निधन झाले आणि गायगॅक्स यांनी शालेय शिक्षण अर्धवट सोडले. मरीन दलात ते भरती झाले, पण न्यूमोनियामुळे लवकरच परतले. १९५८ मध्ये मेरी जो पॉवेल यांच्याशी त्यांचा विवाह झाला. या दांपत्याला पाच अपत्ये झाली. उपजीविकेसाठी त्यांनी शिकागोत विमा कंपनीत अंडररायटर म्हणून काम केले. विमा मागणाऱ्याची जोखीम ताडणे आणि त्यानुसार हप्ता ठरवणे हे या कामाचे स्वरूप. त्यांच्या नियमपुस्तकांत पानोपानी आढळणारे शक्यतांचे तक्ते पाहिले की या नोकरीची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

युद्धखेळांचे वर्तुळ

१९५८ च्या सुमारास ॲव्हलॉन हिल या कंपनीचा गेटिसबर्ग हा युद्धखेळ त्यांच्या हाती पडला. नकाशावर सोंगट्या मांडून ऐतिहासिक लढाया पुन्हा लढण्याचा हा छंद त्या काळी अमेरिकेत थोड्या, पण कट्टर खेळाडूंपुरता मर्यादित होता. हे खेळाडू पत्रे आणि हौशी पत्रिकांमधून एकमेकांच्या संपर्कात असत. गायगॅक्स या वर्तुळात अत्यंत क्रियाशील होते. ऑगस्ट १९६८ मध्ये त्यांनी लेक जिनिव्हाचे हॉर्टिकल्चरल हॉल हे सभागृह ५० डॉलर भाड्याने घेऊन खेळाडूंचे संमेलन भरवले. जेन कॉन या नावाने ते आजही दरवर्षी भरते, मात्र आता इंडियानापोलिस येथे.

फाशांच्या बाबतीतही त्यांनी एक महत्त्वाचा बदल रूढ केला. दोन साधे फासे टाकले असता बेरीज ७ येण्याची शक्यता सर्वाधिक असते, तर २ किंवा १२ क्वचितच पडतात. वीस बाजूंच्या फाशावर मात्र प्रत्येक आकड्याची शक्यता सारखीच, म्हणजे ५ टक्के असते. त्यामुळे कोणत्याही कृतीच्या यशाची शक्यता पाच-पाच टक्क्यांच्या पायऱ्यांनी ठरवता येते. असे फासे गायगॅक्स यांना शाळांना साहित्य पुरवणाऱ्या एका कंपनीच्या सूचिपत्रात सापडले. त्याआधी अंक लिहिलेल्या चकत्या टोपीतून काढून हेच काम भागवले जाई.

१९७० मध्ये त्यांची विमा कंपनीतील नोकरी गेली. घरीच जोडे दुरुस्त करण्याचा व्यवसाय करीत त्यांनी संसार चालवला आणि उरलेला वेळ खेळांसाठी दिला. १९७१ मध्ये जेफ पेरेन यांच्यासह लिहिलेले चेनमेल हे मध्ययुगीन लढायांचे नियमपुस्तक प्रसिद्ध झाले. त्याच्या शेवटी जादूगार, ड्रॅगन आणि राक्षसांसाठी एक पुरवणी जोडलेली होती. मुख्य नियमांपेक्षा ही पुरवणीच अधिक गाजली.

ब्लॅकमूर आणि ग्रेहॉक

मिनेसोटा राज्यातील मिनियापोलिस-सेंट पॉल या जोडशहरांत युद्धखेळ खेळणारा आणखी एक गट होता. त्यातील डेव्हिड वेस्ली यांनी १९६९ मध्ये ब्राउनस्टाइन नावाचा एक प्रयोग केला. त्यात प्रत्येक खेळाडूकडे सैन्याऐवजी एकाच माणसाची भूमिका आणि त्या माणसाचा स्वतंत्र हेतू होता. याच गटातील डेव्ह आर्नेसन यांनी १९७१ पासून ही कल्पना ब्लॅकमूर या काल्पनिक प्रदेशात नेली. सुरुवातीस चेनमेलचे नियम वापरून आणि पुढे ते मोडून-बदलून त्यांनी किल्ल्याखालच्या भुयारांत उतरणाऱ्या पात्रांचा खेळ रचला. पात्र एका बैठकीपुरते नसे. जिवंत राहिले तर ते पुढच्या आठवड्यात परत येई, अनुभवाने अधिक समर्थ होई आणि त्याने केलेल्या कृत्यांचे परिणाम त्या जगात टिकून राहत. अशा अखंड चालणाऱ्या खेळाला लष्करी परिभाषेतूनच मोहीम हे नाव मिळाले.

१९७२ च्या उत्तरार्धात आर्नेसन आणि डेव्हिड मेगॅरी यांनी लेक जिनिव्हाला येऊन गायगॅक्स यांना ब्लॅकमूरचा खेळ दाखवला. गायगॅक्स यांनी आर्नेसन यांच्याकडून टिपणे मागवली आणि सुमारे पन्नास पानांचा पहिला मसुदा लिहून काढला. त्याची परीक्षा घेण्यासाठी त्यांनी ग्रेहॉक नावाच्या उद्ध्वस्त किल्ल्याचा भुयारी मजला आखला. पहिले खेळाडू होते त्यांची दोन मुले, अर्नी आणि एलिस. पहिल्याच बैठकीत मुलांना तांब्याच्या नाण्यांनी भरलेली एक पेटी सापडली; पण ती इतकी जड होती की त्यांना उचलून नेता आली नाही. मुले झोपल्यावर गायगॅक्स दुसरा मजला आखायला बसले. लवकरच डॉन के, रॉब कुंट्झ आणि टेरी कुंट्झ हेही खेळात दाखल झाले.

पुढील काही महिन्यांत ग्रेहॉकचा किल्ला खाली खाली वाढत गेला आणि खेळाडूंची संख्याही वाढली. काही बैठकांना वीसपर्यंत माणसे तळघरात दाटीवाटीने बसत. जुन्या खेळाडूंच्या आठवणींनुसार गायगॅक्स कागदपत्रांच्या कपाटाआड बसत, त्यामुळे खेळाडूंना त्यांचा फक्त आवाज ऐकू येई. वेगवेगळ्या संध्याकाळी वेगवेगळे गट त्याच किल्ल्यात उतरत. सोमवारी एका गटाने रिकामी केलेली खोली गुरुवारी दुसऱ्या गटाला रिकामीच सापडे. साहजिकच कोणते पात्र कोणत्या दिवशी कोठे आहे, जखमा भरण्यासाठी ते किती दिवस अंथरुणाला खिळून आहे, याची नोंद ठेवणे भाग पडे. पुढे १९७९ च्या डंजन मास्टर्स गाइडमध्ये कालगणना काटेकोर नसेल तर मोहिमेला अर्थ उरत नाही, असा आग्रह त्यांनी धरला. नियमांच्या काटेकोरपणासाठी त्यांची बरीच थट्टा झाली असली, तरी या विशिष्ट आग्रहामागे प्रत्यक्ष अनुभव होता.

मोहिमेच्या सूत्रधाराने, म्हणजे डंजन मास्टरने, किती तयारी करावी याचाही दंडक मूळ नियमांत आढळतो. खेळ सुरू होण्यापूर्वी भुयाराच्या किमान अर्धा डझन मजल्यांचे नकाशे काढावेत आणि त्यांत प्राणी व खजिना मांडून ठेवावा, अशी अपेक्षा तेथे आहे. कथानक मात्र आधी लिहायचे नसते. जग सूत्रधाराने मांडायचे, त्यात काय घडेल ते खेळाडूंचे निर्णय आणि फासे ठरवणार, अशी ही विभागणी आहे.

खेळातील सामग्री त्यांनी मिळेल तेथून उचलली. मंत्र म्हटला की तो जादूगाराच्या स्मरणातून पुसला जातो, ही कल्पना व्हॅन्स यांच्या कथांतील आहे. आउलबेअर व रस्ट मॉन्स्टर हे प्राणी दुकानात स्वस्तात मिळणाऱ्या प्लॅस्टिकच्या खेळण्यांवरून सुचले. मित्रांच्या पात्रांची नावे मंत्रांना मिळाली. टेन्सर हे नाव मुलाच्या अर्नेस्ट या नावाची अक्षरे फिरवून केलेले आहे. जे. आर. आर. टॉल्किन यांचे ऋण मात्र गायगॅक्स नेहमी कमी लेखत. तरीही खेळात हॉबिट आणि एन्ट होतेच. टॉल्किन यांच्या साहित्याचे हक्क असलेल्या कंपनीने १९७७ मध्ये हरकत घेतल्यावर ती नावे बदलून हाफलिंग आणि ट्रीएंट अशी करावी लागली.

प्रकाशन आणि टीएसआर

ॲव्हलॉन हिलसह इतर प्रकाशकांना हा खेळ छापण्यात रस नव्हता. ऑक्टोबर १९७३ मध्ये गायगॅक्स आणि डॉन के यांनी प्रत्येकी १,००० डॉलर घालून टॅक्टिकल स्टडीज रूल्स, म्हणजेच टीएसआर, ही संस्था काढली. के यांनी आपला वाटा विमा पॉलिसीवर कर्ज काढून उभा केला. तेवढ्या पैशांत खेळ छापून होईना, तेव्हा ब्रायन ब्ल्यूम २,००० डॉलर घेऊन तिसरे भागीदार झाले. जानेवारी १९७४ मध्ये तीन पुस्तिकांच्या संचाच्या १,००० प्रती तयार झाल्या. खोके हातानेच भरले होते आणि किंमत १० डॉलर होती. मुखपृष्ठावर गायगॅक्स आणि आर्नेसन अशी दोन्ही नावे होती. प्रती वर्षभरातच संपल्या.

जानेवारी १९७५ मध्ये डॉन के यांचे हृदयविकाराने अकाली निधन झाले. त्यांच्या पत्नीकडील हिस्सा विकत घेण्याइतके पैसे गायगॅक्स यांच्याकडे नव्हते. पुनर्रचित कंपनीत ब्ल्यूम कुटुंबाचे भांडवल आले आणि गायगॅक्स अल्पमतातील भागधारक झाले. दहा वर्षांनी हीच गोष्ट निर्णायक ठरली.

श्रेयाचा वाद

आर्नेसन १९७६ मध्ये टीएसआरमध्ये नोकरीस आले आणि त्याच वर्षी बाहेर पडले. १९७७ ते १९७९ या काळात गायगॅक्स यांनी मॉन्स्टर मॅन्युअल, प्लेअर्स हँडबुक आणि डंजन मास्टर्स गाइड ही तीन जाड पुस्तके लिहून खेळाला ॲडव्हान्स्ड डंजन्स अँड ड्रॅगन्स हे रूप दिले. या पुस्तकांवर लेखक म्हणून केवळ त्यांचेच नाव होते. हा वेगळाच खेळ असल्याने आर्नेसन यांना मानधन देणे लागत नाही, अशी कंपनीची भूमिका होती. आर्नेसन यांनी १९७९ मध्ये दावा लावला. १९८१ मध्ये तडजोड होऊन दोघांनाही सहनिर्माते म्हणून मान्यता मिळाली. वाद कायद्याने मिटला तरी चाहत्यांत तो आजही चालू आहे. अनोळखी माणसांना केवळ वाचून खेळता येईल असा ग्रंथ गायगॅक्स यांनी लिहिला, आणि त्या ग्रंथाचा गाभा आर्नेसन यांच्या टेबलावर आधीच खेळला जात होता. यांपैकी एक बाजू गाळली की दुसरीचेही नीट आकलन होत नाही.

याच सुमारास खेळावर दुसऱ्या दिशेने आघात झाला. १९७९ मध्ये मिशिगनमधील एक विद्यार्थी बेपत्ता झाल्यावर वृत्तपत्रांनी त्याचा संबंध या खेळाशी जोडला. तो निराधार निघाला. तरीही हा खेळ मुलांना सैतानपूजेकडे व आत्महत्येकडे नेतो, असा प्रचार १९८० च्या दशकात अमेरिकेत जोमाने झाला. गायगॅक्स यांनी १९८५ मध्ये सिक्स्टी मिनिट्स या दूरचित्रवाणी कार्यक्रमात त्याचा प्रतिवाद केला. त्या काळात त्यांना जिवे मारण्याच्या धमक्याही आल्या. या प्रसिद्धीमुळे विक्री घटली नाही, उलट वाढली.

कंपनीबाहेर

१९८३ मध्ये गायगॅक्स हॉलिवूडला गेले. खेळावर आधारित व्यंगचित्रमालिका त्याच वर्षी सीबीएस वाहिनीवर सुरू झाली, चित्रपट मात्र जमला नाही. याच वर्षी त्यांचा घटस्फोट झाला. परतल्यावर त्यांना कंपनी कर्जबाजारी झालेली आढळली. १९८५ मध्ये समभागांचा हक्क बजावून त्यांनी बहुमत व अध्यक्षपद मिळवले आणि व्यवस्थापनासाठी लोरेन विल्यम्स यांना आणले. काही महिन्यांतच विल्यम्स यांनी ब्ल्यूम बंधूंचे समभाग विकत घेतले. ऑक्टोबर १९८५ मध्ये संचालक मंडळाने गायगॅक्स यांना अध्यक्षपदावरून दूर केले. न्यायालयात त्यांना यश आले नाही आणि १९८६ च्या अखेरीस त्यांनी कंपनीशी संबंध तोडले.

ग्रेहॉकचे जग आणि त्यातील बहुतेक पात्रे टीएसआरकडेच राहिली. गायगॅक्स यांच्याकडे उरला तो त्यांच्या कादंबऱ्यांचा नायक गॉर्ड. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मालिकेच्या अखेरच्या कादंबरीत त्यांनी ग्रेहॉकचे अख्खे जगच नष्ट करून टाकले. त्याच वर्षी टीएसआरने ग्रेहॉकच्या किल्ल्यावर एक विनोदी विडंबन प्रसिद्ध केले. १९९२ मध्ये आलेल्या त्यांच्या डेंजरस जर्नीज या नव्या खेळावरही टीएसआरने दावा लावला. १९९४ मध्ये तडजोड होऊन तो खेळ बंद पडला. १९९७ मध्ये विझार्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीने टीएसआर विकत घेतल्यावर मात्र त्यांचे संबंध सुधारले.

स्त्रियांना अशा खेळांची आवड मुळात जैविक कारणांनीच कमी असते, असे मत त्यांनी उतारवयातही मांडले आणि त्यावर टीका झाली. ग्रेहॉकच्या पहिल्या दोन खेळाडूंपैकी एक त्यांची स्वतःची मुलगी होती, याची आठवण टीकाकार करून देतात.

अखेरची वर्षे

१९८७ मध्ये गायगॅक्स यांनी गेल कार्पेंटर यांच्याशी दुसरा विवाह केला. त्यांना एक मुलगा झाला. २००४ मध्ये पक्षाघाताचे झटके आल्यानंतर त्यांचे लेखन मंदावले. ज्या किल्ल्यापासून सारे सुरू झाले, त्याचे मूळ नकाशे तोवर कधीच संपूर्ण छापले गेले नव्हते. ग्रेहॉक हे नाव वापरता येत नसल्याने, स्वतःच्या आडनावाची अक्षरे उलटीसुलटी करून पूर्वीच बेतलेल्या झॅगिग या वेड्या जादूगाराच्या नावाने त्यांनी हे काम हाती घेतले. २००५ मध्ये किल्ल्याजवळच्या नगराचा ग्रंथ निघाला. भुयारांचे मजले मात्र अपुरे राहिले.

चाहते लेक जिनिव्हाच्या घरी येत आणि ओसरीवर त्यांच्याशी गप्पा मारत. घरातील साप्ताहिक खेळ जानेवारी २००८ पर्यंत चालू होता. त्यानंतर दोन महिन्यांच्या आतच, ४ मार्च रोजी, वयाच्या ६९ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. डेव्ह आर्नेसन हे पुढील वर्षी, ७ एप्रिल २००९ रोजी वारले.