शिल्पकार करमरकर

विनायक पांडुरंग करमरकर यांचा जन्म १८९१ साली अलिबागजवळच्या सासवणे या समुद्रकाठच्या खेड्यात झाला. घरी गणपतीच्या मूर्ती घडविल्या जात. त्यामुळे मातीशी त्यांचे नाते बालपणीच जडले. गावातील देवळाच्या भिंतीवर त्यांनी शिवरायांचे चित्र रेखाटले होते. ते कुलाब्याचे जिल्हाधिकारी ऑटो रॉथफिल्ड यांच्या दृष्टीस पडले. त्या गुणग्राहक अधिकाऱ्याने या होतकरू मुलाला मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत धाडले. पुढे १९२८ साली पुण्यात करमरकरांनी घडविलेला शिवरायांचा भव्य अश्वारूढ पुतळा उभा राहिला. भिंतीवरचे शिवराय जणू ब्राँझमध्ये अवतरले! कीर्ती लाभली, तरी ते गावाला विसरले नाहीत. कोळीण, म्हैस यांनाही त्यांनी शिल्पात मानाचे स्थान दिले. १९६७ साली ते निवर्तले. सासवण्यातील त्यांचे घर आता शिल्पालय झाले आहे.