चित्रकार रवींद्रनाथ : साठीनंतर उमललेली प्रतिभा

साहित्याच्या नोबेल पुरस्कारामुळे १९१३ मध्ये रवींद्रनाथ टागोर यांचे नाव जगभर पोहोचले. चित्रकार म्हणून त्यांची ओळख होण्यास मात्र आणखी सतरा वर्षे लागली. तोवर ते सत्तरीच्या उंबरठ्यावर होते.

७ मे १८६१ रोजी कोलकात्यातील जोडासांको येथे रवींद्रनाथांचा जन्म झाला. बालपणी चित्रकलेचे जुजबी धडे मिळाले. परंतु त्या कलेचे रीतसर शिक्षण त्यांनी घेतले नाही. पुतणे गगनेंद्रनाथ व अवनींद्रनाथ हे नामवंत चित्रकार. शांतिनिकेतनात १९१९ मध्ये कलाभवन सुरू झाले व पुढे नंदलाल बोस यांनी ते नावारूपाला आणले. अशा जाणकारांच्या सहवासात रवींद्रनाथ स्वतः मात्र हौशीच राहिले.

त्यांच्या चित्रकलेचा उगम हस्तलिखितांतील खाडाखोडीत आहे. १९२४ मध्ये अर्जेंटिनात आजारी पडल्यावर व्हिक्टोरिया ओकाम्पो यांच्या पाहुणचारात ते ‘पूरबी’ संग्रहातील कविता लिहीत होते. खोडलेले शब्द रेषांनी जोडता जोडता कागदावर विलक्षण पशुपक्षी अवतरू लागले. १९२८ च्या सुमारास ही रेषा कवितेपासून मुक्त झाली. लेखणी, चिंधी, प्रसंगी बोटे शाईत बुडवून त्यांनी विषण्ण चेहरे, अनोखे प्राणी आणि निसर्गदृश्ये रंगविली. बहुतेक चित्रांना त्यांनी शीर्षकही दिले नाही.

या चित्रांचे मायदेशी कसे स्वागत होईल, याविषयी ते साशंक होते. त्यामुळे मे १९३० मध्ये पहिले प्रदर्शन भरले ते पॅरिसच्या पिगाल कलादालनात, ओकाम्पो यांच्या पुढाकाराने. त्याच वर्षी बर्मिंगहॅम, बर्लिन, मॉस्को व न्यूयॉर्क येथील रसिकांनीही ती पाहिली. बर्लिनच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयात दाखल झालेली त्यांची पाच चित्रे पुढे १९३७ मध्ये नाझी राजवटीने तेथून हटविली.

डिसेंबर १९३१ मध्ये, सत्तराव्या वाढदिवसाच्या सोहळ्यानिमित्त, कोलकात्याच्या ऐतिहासिक टाउन हॉलमध्ये ही चित्रे मांडण्यात आली. १८१३ मध्ये उभारलेल्या या वास्तूत, ज्यांनी त्यांना कवी म्हणून मस्तकी धरले होते, त्यांच्यासमोर रवींद्रनाथ एका नव्या कलेचे नवखे उपासक म्हणून उभे राहिले.

७ ऑगस्ट १९४१ रोजी त्यांचे निधन झाले. अवघ्या दशकभराच्या साधनेतून दोन हजारांहून अधिक चित्रे मागे राहिली. १९७६ मध्ये भारत सरकारने त्यांच्या चित्रांना राष्ट्रीय कलानिधीचा दर्जा दिला. खोडलेल्या शब्दांतून सुरू झालेला हा प्रवास आज देशाचा जपलेला वारसा आहे.