एडविन आर्मस्ट्राँग : घरोघरच्या रेडिओमागचा माणूस

हैदराबादच्या जुन्या मराठी घरांत रेडिओचा विषय निघाला की दोन आठवणी हमखास निघतात. एक निजामाच्या काळातल्या दख्खन रेडिओची. त्यावर उर्दू, तेलुगू, कन्नडबरोबर मराठी कार्यक्रमही होत आणि १९५० साली तो आकाशवाणीत सामील झाला. दुसरी आठवण दिवाणखान्यातल्या मर्फी नाहीतर फिलिप्सच्या वॉल्व्ह सेटची, ज्याचं लायसन पोस्टात जाऊन नवं करून आणावं लागे. सेट कुठल्याही कंपनीचा असो, आतलं सर्किट बहुधा एकाच जातीचं असे : सुपरहेटरोडाइन. डिप्लोमाला असताना ते आम्ही कितीदा काढलं असेल, पण ते प्रथम चालवून दाखवणाऱ्या एडविन हॉवर्ड आर्मस्ट्राँगची कहाणी मला खूप उशिरा वाचायला मिळाली. मार्कोनी सगळ्यांना माहीत असतो. हा माणूसही माहीत असायला हवा.

आर्मस्ट्राँगचा जन्म १८ डिसेंबर १८९० रोजी न्यूयॉर्कमध्ये झाला. लहानपणी एका आजाराने त्याच्या मानेला आणि खांद्याला झटके येऊ लागले आणि ते आयुष्यभर राहिले. दोन वर्षं शाळा बुडाली, घरीच शिक्षण झालं. त्यामुळे असेल, पोरगा एकलकोंडा झाला आणि माळ्यावरच्या खोलीत तारा-बॅटऱ्यांत रमला. एरियलसाठी त्याने घराच्या आवारात सव्वाशे फूट उंचीचा खांब स्वतः उभा केला. उंचावर चढायचं वेड त्याला तेव्हापासूनचं.

कोलंबिया विद्यापीठात शिकत असतानाच, १९१२ साली, त्याने पहिला शोध लावला. ली द फॉरेस्टने बनवलेला ट्रायोड वॉल्व्ह तेव्हा बाजारात होता, पण तो नेमका कसा चालतो हे खुद्द द फॉरेस्टलाही नीट सांगता येत नव्हतं. आर्मस्ट्राँगने वॉल्व्हमधून बाहेर येणाऱ्या लहरींचा थोडा भाग परत आत सोडला. कानाला जेमतेम लागणारी स्टेशनं एकदम मोठ्याने वाजू लागली. हा भाग आणखी वाढवला तर वॉल्व्ह स्वतःच लहरी निर्माण करू लागतो, हेही त्याच्या लक्षात आलं. यालाच ऑसिलेटर म्हणतात.

पहिल्या महायुद्धात तो अमेरिकी सैन्याच्या सिग्नल विभागात अधिकारी म्हणून पॅरिसला होता. शत्रूचे संदेश फार उंच फ्रिक्वेन्सीवर असतील तर ते वाढवणं त्या वेळच्या वॉल्व्हना जमत नसे. त्याला वाट सुचली ती १९१८ साली. उंच फ्रिक्वेन्सी झेपत नसेल तर तीच खाली उतरवून घ्यायची.

आपल्याकडे गाणं शिकलेल्यांना हे लगेच कळेल. तंबोऱ्याच्या जोडीच्या दोन तारा किंचित वेगळ्या लागल्या तर त्यांच्या आवाजात एक संथ डोल ऐकू येतो. जितका फरक, तितक्या गतीचा डोल. दोन रेडिओलहरी मिसळून अशी फरकाची फ्रिक्वेन्सी काढण्याची कल्पना कॅनडात जन्मलेल्या फेसेंडेनची, आणि हेटरोडाइन हे नावही त्याचंच. पण त्याला ती तारायंत्राचा कट्ट-कडकट्ट कानाला ऐकू यावा एवढ्यापुरती हवी होती. आर्मस्ट्राँगने फरक कानाच्या टप्प्याच्या वर ठेवला आणि तिथे वाढवला.

आपल्या हैदराबाद केंद्राचंच उदाहरण घेऊ. मीडियम वेव्हवर ते ७३८ किलोहर्ट्झवर लागतं. आपण बटण फिरवतो तेव्हा आत गँग कंडेन्सर फिरतो. त्याचा एक भाग एरियलच्या कॉइलला ७३८ वर आणतो, त्याच दांड्यावरचा दुसरा भाग सेटमधल्या ऑसिलेटरला ११९३ वर नेतो. मिक्सरमध्ये दोन्ही मिसळतात आणि फरक निघतो ४५५. दुसरं स्टेशन लावा, ऑसिलेटर बरोबरीने सरकतो आणि फरक पुन्हा ४५५ च. म्हणजे पुढच्या सगळ्या सर्किटला आयुष्यभर एकच फ्रिक्वेन्सी सांभाळायची. त्यामुळे ते काम अगदी चोख करता येतं आणि शेजारचं स्टेशन मध्ये घुसत नाही. ट्रान्झिस्टर उघडून पाहिला असेल तर पिवळ्या, पांढऱ्या, काळ्या डोक्यांच्या छोट्या पत्र्याच्या डब्या आठवतील. त्या आय.एफ.टी., ४५५ वर लावलेल्या. लाल डोक्याची ऑसिलेटरची. घरातल्या हौशी माणसाने स्क्रू-ड्रायव्हर घेऊन त्या फिरवल्या, की सेट मेकॅनिककडे गेलाच म्हणून समजा! त्यांच्या पुढे डिटेक्टर लहरीतून आवाज वेगळा काढतो, अँप्लिफायर तो वाढवून स्पीकरला देतो.

युद्धानंतर पेटंटं विकून आर्मस्ट्राँग श्रीमंत झाला. आर.सी.ए. कंपनीच्या डेव्हिड सार्नॉफशी त्याची दोस्ती होती. सार्नॉफची सेक्रेटरी मॅरियन हिच्यावर छाप पाडायला तो कंपनीच्या इमारतीवरच्या टॉवरच्या टोकाशी चढला आणि फोटो काढून घेतले. सार्नॉफ संतापला, मॅरियनने १९२३ साली लग्न केलं. लग्नाची भेट म्हणून त्याने तिला हाताने उचलून नेता येईल असा सुपरहेटरोडाइन सेट बनवून दिला.

इथून पुढे कोर्ट. द फॉरेस्टने पहिल्या शोधावर हक्क सांगितला आणि खटला वीसेक वर्षं चालला. शेवटी १९३४ साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने आर्मस्ट्राँगच्या विरुद्ध निकाल दिला. रेडिओ इंजिनिअरांच्या संस्थेने पूर्वी दिलेलं पदक परत करायला तो त्यांच्या अधिवेशनात गेला. अध्यक्षांनी ते घ्यायला नकार दिला आणि सभागृह उभं राहून टाळ्या वाजवू लागलं. सुपरहेटरोडाइनच्या पेटंटमधलेही बहुतेक हक्क फ्रान्सच्या ल्युसियाँ लेव्हीच्या बाजूला गेले होते. तिथे मला लेव्हीवर अन्याय करावासा वाटत नाही, त्याचीही कल्पना त्याच सुमाराची होती. पण पहिल्या खटल्यात न्यायाधीशांना सर्किट कळलं नाही, असंच मानावं लागतं. सरकारी नोकरीत कोर्टाच्या फायली हाताळणाऱ्याला याचं फार आश्चर्य वाटत नाही.

तोवर त्याने सर्वांत मोठं काम केलं होतं. पावसाळ्यात वीज चमकली की मीडियम वेव्ह खरखरते, कारण वीज लहरीची उंची बिघडवते आणि आवाज त्या उंचीतच भरलेला असतो. आर्मस्ट्राँगने आवाज फ्रिक्वेन्सीच्या बदलात भरला, तोही भरपूर रुंद पट्टा घेऊन. तेच एफ.एम. त्याची पेटंटं १९३३ ची. सार्नॉफला मात्र टेलिव्हिजन हवं होतं. एम्पायर स्टेट इमारतीवरची आर्मस्ट्राँगची यंत्रं काढायला लावली. त्याने स्वतःच्या पैशाने न्यू जर्सीत अल्पाइन इथे चारशे फुटांहून उंच टॉवर बांधून एफ.एम. केंद्र चालवलं. १९४० साली आर.सी.ए.ने एकरकमी दहा लाख डॉलर देऊ केले. इतर कंपन्या विक्रीवर रॉयल्टी देत होत्या, मग यांनाच सवलत का, म्हणून त्याने नाही म्हटलं. दुसऱ्या महायुद्धात मात्र सैन्याला आपली पेटंटं फुकट वापरू दिली.

१९४५ साली सरकारने एफ.एम.ची फ्रिक्वेन्सीच बदलून वर नेली आणि लोकांनी घेतलेले सेट निकामी झाले. १९४८ साली त्याने आर.सी.ए.वर दावा लावला. कंपनीचे वकील तारखांवर तारखा घेत राहिले, पेटंटांची मुदत संपत आली, पैसा वकिलांत गेला. १९५३ च्या नोव्हेंबरमध्ये रागाच्या भरात त्याने मॅरियनवर हात उचलला आणि ती घर सोडून बहिणीकडे गेली. ३१ जानेवारी १९५४ च्या रात्री त्याने आपलं आयुष्य संपवलं.

दावे मॅरियनने पुढे चालवले. त्याच वर्षी आर.सी.ए.ने तडजोड केली ती सुमारे दहा लाख डॉलरवर, म्हणजे १९४० साली देऊ केले होते तेवढ्यावरच. मोटोरोलाविरुद्धचा शेवटचा खटला ती १९६७ साली जिंकली. भारतात पहिलं एफ.एम. प्रसारण त्यानंतर दहा वर्षांनी मद्रासहून झालं. अल्पाइनचा टॉवर अजून उभा आहे. ११ सप्टेंबर २००१ ला जागतिक व्यापार केंद्राबरोबर न्यूयॉर्कच्या टी.व्ही. केंद्रांचे अँटेना कोसळले, तेव्हा त्यांतल्या काहींनी याच टॉवरवरून प्रसारण चालू ठेवलं.