औंधचे राजदूत आप्पासाहेब पंत
औंध आपल्याला परके नाही. त्या संस्थानाचा गुणदाळ भाग आज कर्नाटकातच आहे. राजे भवानराव पंतप्रतिनिधींचे चिरंजीव आप्पासाहेब यांचा जन्म १९१२ चा. १९३९ मध्ये वडिलांनी गांधीजींच्या सल्ल्याने कारभार प्रजेच्या हाती सोपवला, तेव्हा त्या कामात तेच पुढे होते. १९६१ मध्ये ते इंडोनेशियात भारताचे राजदूत झाले.

पुढच्याच वर्षी जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत इस्रायल व तैवानला प्रवेश नाकारला गेला. भारताचे सोंधी यांनी हरकत घेताच चिडलेल्या जमावाने आपल्या वकिलातीवर हल्ला केला. त्याच दिवसांत भारताने तेथे फुटबॉलचे सुवर्णपदक जिंकले. दुरावलेल्या त्या देशात आप्पासाहेब १९६४ पर्यंत राजदूत राहिले. १९९२ मध्ये त्यांचे निधन झाले.