पडद्यावरचा मुलगा

मी कॉन्व्हेंटवाली, त्यामुळे मराठीच्या चुका सांभाळून घ्या!

मागच्या सेमिस्टरला सबमिशन संपल्यावर आम्ही रूमवर 'इमिटेशन ऑफ लाइफ' हा १९५९ चा हॉलिवूडपट लावला. त्यातली सेरा जेन दिसायला गोरी, आई मात्र काळी. गोरी म्हणून जगता यावं यासाठी ती आईला तोडते. शेवटच्या भेटीत मैत्रीण आत येते, तेव्हा आईच स्वतःला तिची जुनी दाई म्हणवून घेते. आमच्या गँगने या रडारडीची जाम टर उडवली. मी पण हसले. मग दिग्दर्शकाबद्दल वाचलं आणि हसू थांबलं.

डग्लस सर्कचा जन्म १८९७ चा, जर्मनीतल्या हॅम्बुर्गचा. आधी नाटकं, मग सिनेमे. पहिल्या बायकोपासून क्लाउस नावाचा मुलगा. घटस्फोटानंतर सर्कने हिल्डे या ज्यू स्त्रीशी लग्न केलं. पहिली बायको नाझी पक्षात गेलेली. तिने कोर्टाकडून बाप-लेकाच्या भेटीवर बंदी आणली. क्लाउस पुढे बालकलाकार झाला. बापाला मुलगा बघायचा तर थिएटरात जाऊन पडद्यावर बघायचा, एवढंच उरलं! १९३७ मध्ये सर्कने देश सोडला. क्लाउस १९४४ मध्ये पूर्व आघाडीवर मारला गेला. वय अवघं अठरा.

अमेरिकेत सर्कने 'ऑल दॅट हेवन अलाउज', 'रिटन ऑन द विंड' असे एकाहून एक चाललेले सिनेमे दिले. समीक्षकांनी मात्र ते बायकी रडपट म्हणून उडवून लावले. त्यातल्या आरशांत, खिडक्यांत अडकलेली माणसं नंतरच्या पिढीला दिसली. जर्मन दिग्दर्शक फासबिंडर तर त्याचा भक्तच झाला. 'इमिटेशन ऑफ लाइफ' प्रचंड चालला, तरी सर्क हॉलिवूड सोडून युरोपात परतला. १९८७ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये वारला.

सिनेमा मी पुन्हा एकटीने पाहिला. आई लांबून स्टेजवरच्या मुलीकडे बघत राहते, तिथे मला थिएटरातल्या अंधारात बसलेला सर्क दिसला.

आणि एक सांगायचं राहिलं. फर्स्ट इयरला बाबा लाडवांचा डबा घेऊन गेटवर आले होते. पायात झिजलेल्या चपला, बोलणं गावाकडचं. कोण आलंय, असं मैत्रिणीने विचारलं. मी गप्प. बाबांनीच मी गावचा माणूस, डबा द्यायला आलोय, असं सांगून टाकलं आणि तसेच एसटी स्टँडवर गेले.

यंदा गॅदरिंगला त्यांना बोलावलंय. पहिल्या रांगेत बसवणार आहे. भेटा त्यांना, माझे बाबा आहेत.