दानाची निवड आणि सातवे निजाम

हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ हे गाव निजामी अमलात परभणी जिल्ह्यात मोडत असे. येथील प्राचीन मंदिराचे शिखर अहिल्याबाई होळकरांनी बांधविले, असे मानले जाते. राज्य माळव्याचे, दान मराठवाड्यात! दान देणाऱ्याने कोणते कार्य निवडावे, हा प्रश्न राज्याच्या आणि पंथाच्या सीमेपाशी थांबत नाही. याच मुलखाचे अखेरचे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या चरित्रात या प्रश्नाची अनेक उत्तरे सापडतात; काही अनुकरणीय, काही सावध करणारी.

त्यांचा जन्म 6 एप्रिल 1886 रोजी हैदराबादेत झाला. 1911 मध्ये वयाच्या पंचविसाव्या वर्षी ते गादीवर आले. तीनच वर्षांपूर्वी, सप्टेंबर 1908 मध्ये, मुसी नदीच्या महापुराने राजधानीत हजारोंचे बळी घेतले होते. पूरग्रस्तांना अन्नवस्त्र देणे हे पहिले कर्तव्य होतेच. परंतु पूर पुन्हा येऊ नये ही तजवीज त्याहून मोठी होती. विश्वेश्वरय्या यांच्या सल्ल्याने आखलेली योजना या निजामांच्या कारकिर्दीत पूर्ण झाली. 1920 मध्ये उस्मानसागर आणि 1927 मध्ये हिमायतसागर हे जलाशय तयार झाले. त्यांनी पूर अडविला आणि शहराला पिण्याचे पाणीही दिले. नदीकाठी उस्मानिया रुग्णालयाची भव्य इमारत उभी राहिली.

विद्येच्या क्षेत्रात 1918 साली उस्मानिया विद्यापीठाची स्थापना झाली. वैद्यक आणि विज्ञानासह उच्च शिक्षण उर्दूतून देण्याचा तो मोठा प्रयोग होता. मात्र संस्थानातील मराठी, तेलुगू आणि कन्नड भाषकांची मुले आपापल्या मातृभाषेतील उच्च शिक्षणाला मुकली, हेही नोंदविले पाहिजे. देणाऱ्याला जे प्रिय असते तेच घेणाऱ्याला हवे असते, असे नेहमी घडत नाही.

निजामांची मदत स्वधर्मीयांपुरती नव्हती. अलीगढ मुस्लिम विद्यापीठाबरोबरच बनारस हिंदू विद्यापीठालाही त्यांनी देणगी दिली. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध होत होती. त्या कार्याला 1930 च्या दशकात त्यांच्याकडून दरसाल अनुदान मिळू लागले. संस्थेत येणाऱ्या अभ्यासकांसाठी अतिथिगृह बांधण्यासही त्यांनी साह्य केले. ती वास्तू आजही निजाम गेस्ट हाऊस म्हणून ओळखली जाते. अजिंठ्याच्या लेण्यांतील चित्रे जतन करण्यासाठी त्यांच्या सरकारने इटलीहून तज्ज्ञ आणविले. पुरातत्त्व खात्याचे प्रमुख गुलाम यजदानी यांनी ते कार्य पुढे नेले.

येथे इस्लामी शिकवणुकीतील एक भेद लक्षात घ्यावयास हवा. जकातीचे आठ हक्कदार पवित्र कुरआनच्या सूरह तौबामध्ये नेमून दिले आहेत. त्यांत सर्वप्रथम गरीब आणि गरजू येतात. जकात ही त्यांची अमानत आहे. ती वळवून इमारती वा ग्रंथप्रकाशनासाठी खर्च करणे बहुसंख्य फकीहांना मान्य नाही. ऐच्छिक सदक्याचे क्षेत्र मात्र विस्तृत आहे. तो कोणत्याही धर्माच्या गरजवंताला, पाण्याला, विद्येला, सार्वजनिक हिताला देता येतो.

दुसरा भेद पैसा कोणाचा, हा आहे. संस्थानात दिवाणी म्हणजे सरकारी महसूल निराळा आणि सर्फ-ए-खास म्हणजे निजामांची खाजगी जहागीर निराळी. सरकारी तिजोरीतून धरण बांधणे हे शासकाचे कर्तव्य, ते औदार्य नव्हे. तो पैसा औंढ्याच्या शेतकऱ्यानेही साऱ्याच्या रूपाने भरलेला होता. खऱ्या अर्थाने दान ते, जे स्वतःच्या मालकीतून जाते. संस्थान विलीन झाल्यावर 1954 साली निजामांनी आपल्या खाजगी संपत्तीतून धर्मादाय न्यास स्थापन केला. त्याच्या साह्याने हैदराबादेत अस्थिरोगांचे रुग्णालय उभे राहिले, जे पुढे निजाम वैद्यकीय विज्ञान संस्था म्हणून नावारूपास आले. मूळ धन राखून उत्पन्न सत्कार्याला लावण्याची ही रीत जुनी आहे. हजरत उमर (रजि.) यांनी खैबरची आपली जमीन प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या सल्ल्याने याच रीतीने वक्फ केली होती आणि तिच्या उत्पन्नाचे हक्कदारही ठरवून दिले होते : गरीब, नातलग, गुलामांची मुक्ती, प्रवासी आणि पाहुणे.

या चरित्राची दुसरी बाजूही मराठवाड्याला ज्ञात आहे. 1947-48 मध्ये रझाकारांच्या अत्याचारांना या शासकाने वेळीच आवर घातला नाही. सप्टेंबर 1948 मध्ये संस्थान संपुष्टात आले. त्याआधी रझाकारांच्या हातून आणि नंतर सूडाच्या वणव्यात, दोन्ही समाजांतील अनेक निरपराध लोकांना सोसावे लागले. जगातील सर्वांत श्रीमंतांत गणल्या गेलेल्या या पुरुषाचे दान मोठे होते. पण दानाने न्यायाची उणीव भरून निघत नाही. अत्याचारिताचा हक्क हा सदक्याच्या आधी येतो.

24 फेब्रुवारी 1967 रोजी त्यांचे निधन झाले. किंग कोठीसमोरील मस्जिद-ए-जूदी येथे त्यांची कबर आहे.

रमजानमध्ये आपल्या दारी अनेक पावतीपुस्तके येतात. सर्वांना थोडेथोडे देऊन मोकळे होणे सोपे असते. त्याऐवजी कुटुंबाने एकत्र बसून आधी जकात वेगळी काढावी आणि तिचे हक्कदार आपल्या गल्लीत, नात्यात शोधावेत. मग सदक्यासाठी असे एखादे कार्य निवडावे, जे आपल्यामागेही लोकांच्या उपयोगी पडेल. आणि कोणाचे देणे, मजुरी वा वारसाहक्क थकला असेल, तर तो सर्वांच्या आधी चुकता करावा. अल्लाह आपणास योग्य ठिकाणी खर्च करण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.