लॉर्ड डलहौसी : संस्थान बेवारस ठरवून ताब्यात घेणारा गव्हर्नर जनरल

एखादा माणूस मृत्युपत्र न करता वारला, त्याला मूलबाळ नाही, भाऊबंद नाहीत, कुणी हक्क सांगायला पुढे येत नाही, तर त्याची मालमत्ता सरकारजमा होते. हा नियम जगात बहुतेक ठिकाणी आहे आणि त्यात वावगं काही नाही. पण हाच नियम घराऐवजी अख्ख्या राज्याला लावला तर? आणि वारस आहे की नाही, हे ठरवणाराच ते राज्य घेणारा असेल तर? साताऱ्याचं, नागपूरचं आणि झाशीचं नेमकं हेच झालं. ते करणाऱ्या माणसाचं नाव जेम्स अँड्र्यू ब्राऊन रॅमसे, म्हणजेच लॉर्ड डलहौसी.

त्याचा जन्म २२ एप्रिल १८१२ रोजी स्कॉटलंडमधल्या डलहौसी कॅसलमध्ये झाला. तो तिसरा मुलगा होता. थोरले दोघे भाऊ लवकर गेले म्हणून घराण्याचा किताब त्याच्याकडे आला. वडील काही काळ हिंदुस्थानात सरसेनापती होते. पुढे ब्रिटनमध्ये व्यापार खात्याचं मंत्रिपद सांभाळून तो जानेवारी १८४८ मध्ये कलकत्त्याला उतरला, तेव्हा पस्तिशीत होता. पहाटेपासून रात्रीपर्यंत कागदांत बुडालेला, हट्टी आणि आपलंच बरोबर असं मानणारा माणूस. पहिली आगगाडी, तारायंत्र, अर्ध्या आण्याचं टपाल, सार्वजनिक बांधकाम खातं हे सगळं त्याच्याच कारकिर्दीतलं. पण महाराष्ट्रात त्याचं नाव निघतं ते 'खालसा' या शब्दासोबत.

तो येऊन तीनच महिने झाले होते. ५ एप्रिल १८४८ रोजी साताऱ्याचे छत्रपती शहाजी ऊर्फ आप्पासाहेब महाराज वारले. त्यांना मुलगा नव्हता. मृत्यूपूर्वी त्यांनी शास्त्रोक्त विधी करून दत्तक घेतला होता. हिंदू रिवाजाप्रमाणे प्रश्न मिटला होता. कंपनीच्या मते मात्र तो तिथून सुरू झाला.

कंपनीचा युक्तिवाद असा. पेशवाई बुडाल्यावर साताऱ्याचं राज्य आम्हीच १८१९ च्या तहाने छत्रपती प्रतापसिंहांना दिलं. जे आम्ही दिलं, ते घेणाऱ्याचा वंश खुंटला की आमच्याकडे परत येतं. दत्तकाला आमची परवानगी हवी होती, ती घेतली नव्हती. म्हणून गादी बेवारस.

यात एक अडचण होती, आणि ती खुद्द तहातच होती. राज्य महाराजांना, त्यांच्या वारसांना आणि उत्तराधिकाऱ्यांना कायमचं दिलं आहे, असं तिथे लिहिलेलं होतं. हिंदू कायद्यात दत्तक मुलगा वारस असतोच. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांनीही संस्थान खालसा करायला विरोध केला. डलहौसीने तो मानला नाही. लंडनमधल्या संचालकांनी त्याची बाजू घेतली आणि सातारा गेलं. प्रतापसिंहांना १८३९ मध्येच पदच्युत करून काशीला पाठवलं होतं. त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी गुप्ते लंडनमध्ये जवळजवळ १४ वर्षं झगडत राहिले आणि १८५३ मध्ये रिकाम्या हातांनी परतले.

हे तत्त्व डलहौसीने शोधून काढलं, असं शाळेत शिकलेलं असतं. ते खरं नाही. अलिबागचं आंग्र्यांचं कुलाबा संस्थान १८४० मध्येच याच कारणाने गेलं होतं, तेही दत्तकाची विनंती नाकारून. डलहौसीने केलं ते इतकंच की क्वचित वापरलं जाणारं हत्यार रोजच्या वापरात आणलं. त्याने संस्थानांचे तीन वर्ग पाडले. कधीच कुणाचं मांडलिक नसलेल्यांच्या दत्तकात कंपनीने पडायचं नाही. आधी मुघल किंवा पेशव्यांचे आणि आता कंपनीचे मांडलिक असलेल्यांनी परवानगी मागायची, पण ती मिळेलच असं नाही. कंपनीने निर्माण केलेल्या किंवा कंपनीच्या सनदेवर उभ्या असलेल्या संस्थानांना दत्तकाने गादी चालवता येणार नाही. कोण कोणत्या वर्गात, हे ठरवणार कंपनीच. राजपुतान्यातलं करौली मात्र वाचलं. ते मांडलिक नसून जुनं मित्र-संस्थान आहे, असं लंडनहून कळवण्यात आलं.

झाशीत या तर्काची गंमत उघडी पडते. राजा गंगाधरराव नोव्हेंबर १८५३ मध्ये वारले. आदल्याच दिवशी त्यांनी दामोदररावांना दत्तक घेतलं होतं. राणी लक्ष्मीबाईंनी अर्जामागून अर्ज केले, जॉन लँग या वकिलाचा सल्ला घेतला. डलहौसीने राज्य घेतलं, पण राजांची खासगी संपत्ती दामोदररावांची आहे हे मान्य केलं. सुमारे सहा लाख रुपये त्यांच्या नावाने ठेवण्यात आले. म्हणजे एकच मुलगा, एकच दत्तकविधान. पैशांसाठी तो वारस होता, गादीसाठी नव्हता.

नागपूरला तेवढाही संकोच राहिला नाही. तिसरे रघुजी भोसले डिसेंबर १८५३ मध्ये वारले. त्यांनी हयातीत दत्तक घेतला नव्हता, राण्यांनी नंतर घेतला तो कंपनीने मानला नाही. कापूस पिकवणारा एवढा मोठा मुलूख कंपनीला नको होता असं कुणी म्हणणार नाही. राजवाड्यातले हत्ती, घोडे, बैल विकले गेले आणि भोसल्यांचे दागिने कलकत्त्याला लिलावात निघाले.

संस्थानिकांवरच हे थांबलं नाही. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला जादा अधिकार मिळाले. दख्खन आणि दक्षिण महाराष्ट्रातल्या इनामदारांनी आपला हक्क कागदावर सिद्ध करायचा होता. पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या जमिनीची सनद वाळवीने खाल्ली असेल, तर जमीनही गेली.

फेब्रुवारी १८५६ मध्ये डलहौसीने सूत्रं लॉर्ड कॅनिंगकडे सोपवली, तेव्हा पायाच्या दुखण्याने तो खचला होता. पत्नी १८५३ मध्येच मायदेशी परतताना समुद्रावर वारली होती. सव्वा वर्षातच उठाव झाला आणि त्याचं खापर बऱ्याच अंशी त्याच्या डोक्यावर फुटलं. १९ डिसेंबर १८६० रोजी वयाच्या ४८ व्या वर्षी तो वारला. त्याला दोन मुली होत्या, मुलगा नव्हता. पंजाब घेतल्याबद्दल मिळालेला मार्क्विस हा किताब त्यामुळे त्याच्यासोबतच संपला. जुना अर्ल हा किताब मात्र चुलतभावाकडे गेला. तोवर कॅनिंगने संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा द्यायला सुरुवातही केली होती.

या काळातला एक खटला कायद्याच्या पुस्तकांत अजून शिकवला जातो. तंजावरचे मराठे राजे शिवाजी १८५५ मध्ये पुत्राविना वारले. कंपनीने गादीबरोबर त्यांची खासगी मालमत्ताही जप्त केली. राणी कामाक्षीबाई मद्रासच्या सुप्रीम कोर्टात गेल्या आणि जिंकल्या. १८५९ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने तो निकाल फिरवला. ही जप्ती राज्यसत्तेची कृती आहे, ती योग्य की अयोग्य हे तपासण्याचा अधिकार कोर्टाला नाही, असं ठरलं.

बेवारस मालमत्ता सरकारकडे जाण्याचा नियम आजही आहे. राज्यघटनेच्या २९६ व्या अनुच्छेदात आणि हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ च्या कलम २९ मध्ये तो सापडतो. सरकारला मालमत्तेसोबत तिच्यावरची देणीही घ्यावी लागतात. शेतजमिनीसाठी महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चं कलम ३४ आहे. भोगवटादार मृत्युपत्र न करता वारला आणि वारस माहीत नसले, तर जिल्हाधिकारी जमीन ताब्यात घेतो, पण लगेच विकू शकत नाही. एकेका वर्षाच्या खंडाने देतो आणि दावेदारासाठी तीन वर्षं वाट पाहतो. दावा फेटाळला, तर तो करणाऱ्याला एका वर्षाच्या आत दिवाणी न्यायालयात जाता येतं.